घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: आधी परतीची वाट, मग फर्मवेअर

घरचा राउटर हार्डवेअर म्हणून सात-आठ वर्षं सहज टिकतो, पण कंपनीचे अपडेट त्याच्या कितीतरी आधी थांबतात. वायफाय मिळत राहतं, दिवे लुकलुकत राहतात, आणि आतलं सॉफ्टवेअर मात्र जुन्या त्रुटींसकट थेट इंटरनेटला जोडलेलं असतं. मे २०१८मध्ये सिस्कोच्या टॅलोस गटाने व्हीपीएनफिल्टर या मालवेअरची माहिती जाहीर केली, तेव्हा ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं त्याच्या कब्जात गेली होती. त्यांत मुख्यत्वे घरातले आणि छोट्या ऑफिसांतले राउटर होते. बाधित मॉडेलांपैकी बहुतेकांच्या त्रुटी आधीच जगजाहीर होत्या. दुरुस्ती वेळेवर पोचली नव्हती, एवढंच.

चांगल्या स्थितीतला राउटर केवळ अपडेट मिळत नाहीत म्हणून भंगारात काढायला माझा जीव होत नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर चालणारं, मोफत आणि खुलं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, अशा राउटरला आणखी काही वर्षं सुरक्षितपणे कामाला लावतं. ते चढवण्याची प्रत्यक्ष क्रिया पाच मिनिटांची आहे. राउटर कायमचा बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग त्या पाच मिनिटांत घडत नाहीत. त्यांची सुरुवात आधीच झालेली असते: चुकीच्या आवृत्तीची फाइल घेतलेली असते, किंवा काही बिनसलं तर मागे कसं यायचं हे पाहिलेलं नसतं. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. उदाहरण म्हणून टीपी-लिंक आर्चर सी६ घेतो. हे मॉडेल आपल्याकडे खूप घरांत आहे, आणि सावध का राहायचं हे त्यावरून नीट कळतं.

तुमचा राउटर चालेल का

राउटर उलटा करा आणि मागचं स्टिकर वाचा. मॉडेलच्या नावाजवळ 'व्हर' किंवा 'व्ही' असं लिहून पुढे आकडा असतो. ही हार्डवेअरची आवृत्ती. खोक्यावरचं नाव तेच राहतं आणि आतला सगळा संच बदलतो. आर्चर सी६च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची क्यूसीए९५६३ ही चिप आहे आणि फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची कायमची जागा, ८ एमबी. तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची एमटी७६२१ चिप आहे आणि फ्लॅश १६ एमबी. एकीची फाइल दुसरीवर चालणं शक्यच नाही. एवढ्यावरच भागत नाही. दुसऱ्या आवृत्तीत युरोप, रशिया, जपानसाठीची फाइल वेगळी आणि अमेरिकेसाठीची वेगळी. कुणी परदेशातून राउटर आणून दिला असेल, तर स्टिकरवरचं देशाचं चिन्हसुद्धा बघा.

आवृत्ती कळली की ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरच्या 'टेबल ऑफ हार्डवेअर' या तक्त्यात तुमचं मॉडेल शोधा. जवळपास प्रत्येक मॉडेलला तिथे स्वतंत्र पान आहे. ते पान पूर्ण वाचा, खालच्या टिपांसकट. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: फ्लॅश किती, रॅम किती, आणि वायफायची चिप कुणाची.

४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेले जुने राउटर आता ओपनडब्ल्यूआरटीच्या कामाचे नाहीत. त्यांच्यासाठीची अधिकृत फाइल १९.०७ या मालिकेपाशी थांबली. ८ एमबी आणि ६४ एमबीवाल्यांवरही नवी आवृत्ती जेमतेम बसते. सी६च्या दुसऱ्या आवृत्तीत फ्लॅश ८ एमबी असली तरी रॅम १२८ एमबी आहे, त्यामुळे रोजचं काम नीट होतं, फक्त वरून खूप पॅकेजं, म्हणजे जादा सोयींची सॉफ्टवेअरं, घालता येत नाहीत. मुद्दाम यासाठी नवा किंवा सेकंडहँड राउटर घेणार असाल, तर १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली जाऊ नका.

ब्रॉडकॉमची वायफाय चिप असलेल्या राउटरच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: ओपनडब्ल्यूआरटीच्या वाटेला जाऊ नका. या चिपांचे चांगले खुले ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे फर्मवेअर चढतं पण वायफाय रडतं. त्यातल्या काहींसाठी फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी ही दुसरी फर्मवेअर आहेत, आणि असूसच्या ठरावीक मॉडेलांसाठी असूसडब्ल्यूआरटी-मर्लिन. शाओमीच्या बऱ्याच राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी उत्तम चालतं, पण त्यांचं मूळ फर्मवेअर बाहेरची फाइल घेत नाही. आधी त्यातल्याच एखाद्या त्रुटीतून आत शिरावं लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने हा मार्ग निवडू नये.

राहिला फायबर कंपनीने दिलेला डबा, म्हणजे ओएनटी. त्याला हात लावू नका. तो बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो, फायबरच्या बाजूची नोंदणी त्याच्यातच असते, आणि त्याच्यासाठी बहुधा फर्मवेअरही उपलब्ध नसतं. तो जागेवर ठेवायचा आणि आपला राउटर त्याच्यामागे लावायचा.

हे आलं कुठून

२००२च्या अखेरीस लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स आहे हे पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार त्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करणं बंधनकारक होतं. आग्रह धरला गेला, २००३मध्ये कोड बाहेर आला आणि त्याच्या आधारावर २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या राउटरचं. २०१६मध्ये काही विकासक वेगळे होऊन त्यांनी एलईडीई हा प्रकल्प काढला आणि जानेवारी २०१८मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले. आवृत्तीच्या क्रमांकात वर्ष आणि महिना असतो: २३.०५, २४.१०. प्रत्येक मालिकेत नंतर छोटे दुरुस्ती-अपडेट येत राहतात. कायम मालिकेतली ताजी स्थिर आवृत्तीच घ्या. 'स्नॅपशॉट' असं लिहिलेली रोजची कच्ची आवृत्ती पहिल्या वेळी नको. तिच्यात ब्राउझरमधून वापरायचं पान सहसा नसतंच.

वहीत टिपून ठेवायच्या गोष्टी

जुनं फर्मवेअर गेलं की जुनी सेटिंगही गेली. म्हणून राउटरचं सध्याचं पान उघडा आणि कागदावर उतरवा. फोटो काढला तर फोटो फोनमध्ये राहील याची खात्री करा, कारण मधला काही वेळ घरात नेट नसणार.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंटरनेट जोडणीचा प्रकार. स्थानिक केबलवाल्याकडून किंवा छोट्या कंपनीकडून नेट घेतलं असेल, तर बहुधा पीपीपीओई असतं, म्हणजे राउटरमध्ये यूजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. तो पासवर्ड पानावर ठिपक्यांत झाकलेला दिसतो आणि बरेचदा घरात कुणालाच माहीत नसतो. केबलवाल्याला आधीच फोन करून विचारून घ्या. रविवारी संध्याकाळी राउटर मोकळा करून बसल्यावर तो फोन उचलेलच असं नाही. जोडणीत व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेतली आपली वाहिनी ओळखायचा, क्रमांक असेल तर तोही टिपा. बीएसएनएलच्या फायबरवर तो लागतो, आणि तो सगळीकडे एकच नसतो.

दुसरं, वॅन बाजूचा, म्हणजे जिथे बाहेरून इंटरनेटची केबल येते त्या बाजूचा, मॅक अ‍ॅड्रेस. हा त्या जोडणीचा ओळखक्रमांक. काही कंपन्या तुमच्या राउटरचा मॅक त्यांच्याकडे बांधून ठेवतात. नव्या फर्मवेअरने वॅनला वेगळा मॅक दिला, तर सगळं बरोबर असूनही नेट येत नाही आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

तिसरं, वायफायचं नाव आणि पासवर्ड, अक्षर न् अक्षर. नवीन फर्मवेअरवर हेच दोन्ही जसेच्या तसे दिले, तर घरातले फोन, टीव्ही, आजोबांचा टॅब, स्मार्ट प्लग आपोआप जोडले जातात. वेगळं दिलं तर प्रत्येकापाशी जाऊन नवा पासवर्ड भरत बसावं लागतं.

फाइल उतरवणं

ओपनडब्ल्यूआरटीच्या 'फर्मवेअर सिलेक्टर' या पानावर मॉडेलचं नाव टाकलं की आवृत्तीनुसार फाइली दिसतात. बहुतेक मॉडेलांना दोन असतात. 'फॅक्टरी' ही कंपनीच्या मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना वापरायची. 'सिसअपग्रेड' ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरचं अपडेट करताना. आत्ता पहिली हवी, पण दोन्ही उतरवून ठेवा. काही नव्या मॉडेलांवर तिसराच प्रकार असतो: आधी रॅममधून तात्पुरतं चालणारं 'इनिटरॅमएफएस' सुरू करायचं आणि मग त्यातून कायमचं चढवायचं. तुमच्या मॉडेलच्या पानावर तसं लिहिलं असेल तर तोच क्रम पाळा.

याच बैठकीत कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या आवृत्तीचं आणि तुमच्या प्रदेशाचं मूळ फर्मवेअरही उतरवा. परत जायची वेळ आली तर ते लागेल, आणि त्या वेळी नेट असेलच असं नाही. मॉडेलचं माहितीचं पानसुद्धा पीडीएफ करून ठेवा.

फाइल नीट उतरली का हे तपासण्यासाठी सिलेक्टरच्या पानावर प्रत्येक फाइलखाली एसएचए-२५६चा लांबलचक आकडा दिलेला असतो. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी एसएचए या मेनूतून तोच आकडा काढता येतो. पहिली आणि शेवटची पाच-सहा अक्षरं जुळली तरी माझं समाधान होत नाही, मी पूर्ण ओळ शेजारी ठेवून बघतो. अर्धवट उतरलेली फाइल चढवणं हा सगळ्यात टाळता येण्यासारखा धोका आहे.

परतीची वाट आधी चालून बघा

राउटरच्या फ्लॅशमध्ये फर्मवेअरच्या आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. वीज मिळाली की आधी तो जागा होतो आणि मग फर्मवेअरला उठवतो. आपण बदलतो ते फर्मवेअर. बूटलोडर तसाच राहतो. त्यामुळे नवं फर्मवेअर उठलं नाही तरी बूटलोडरला सांगून दुसरी फाइल चढवता येते. टीपी-लिंकच्या कितीतरी मॉडेलांत यासाठी टीएफटीपीची, म्हणजे केबलवरून फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीची, सोय आहे: रीसेट दाबून ठेवून राउटर चालू केला की बूटलोडर ठरावीक पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतो.

ही सोय तुमच्या राउटरवर खरंच चालते का, हे काहीही न बदलता आधीच तपासता येतं. हा भाग सोडू नका.

संगणकाचं वायफाय बंद करा आणि राउटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या पोर्टला, केबल जोडा. संगणकाला हाताने आयपी पत्ता द्या. आर्चर सी६च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तो १९२.१६८.०.६६, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा ठेवा. विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवा, त्याला एक रिकामं फोल्डर दाखवा आणि नेटवर्क म्हणून केबलवाला पत्ता निवडा. विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करा. नाहीतर मागणी येते पण संगणक ती आतच घेत नाही. आता राउटर बंद करा, टोकदार काडीने रीसेट दाबून धरा, तसाच चालू करा आणि डब्ल्यूपीएसचा दिवा लागला की सोडा.

टीएफटीपीडी६४च्या लॉगमध्ये एक ओळ उमटेल: राउटर फाइल मागतो आहे आणि तिचं नाव अमुक. फोल्डर रिकामं असल्यामुळे त्याला काही मिळत नाही. राउटर बंद करून, रीसेटला हात न लावता पुन्हा चालू केला की तो नेहमीसारखा उठतो. पण तुम्हाला दोन गोष्टी कळल्या: ही वाट चालू आहे, आणि बूटलोडरला नेमकं कोणतं नाव लागतं. ते नाव लॉगमधून जसंच्या तसं उचलून ठेवा. लहान-मोठी अक्षरं, अधोरेषा, सगळं.

लॉगमध्ये काहीच आलं नाही तर घाबरू नका. राउटर चालू होताना केबलची जोडणी क्षणभर तुटते, आणि विंडोज ती पुन्हा ओळखेपर्यंत बूटलोडरची मागणी करून झालेली असते. राउटर आणि संगणक यांच्यामध्ये साधा नेटवर्क स्विच लावा. मग संगणकाच्या बाजूची जोडणी तुटतच नाही आणि मागणी पकडली जाते. तरीही नाही आली तर मॉडेलच्या पानावर तुमच्या आवृत्तीसाठी कोणता मार्ग दिला आहे तो बघा. काहींत टीएफटीपीऐवजी ब्राउझरमध्ये उघडणारं छोटं पान असतं. परतीची वाट सापडेपर्यंत पुढे जाऊ नका, असंच मी सांगेन. घरात तो एकच राउटर असेल तर नक्कीच नाही. रीसेट थोडा जास्त वेळ दाबला गेला तर जुनी सेटिंग पुसली जाऊ शकतात, म्हणूनच वहीतलं काम आधी.

चढवणं

विजेचा विचार करून वेळ निवडा. पुण्यात महावितरण देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतं, तसा तुमच्या गावाचा वार तुम्हाला माहीत असेलच, तो टाळा. पावसाळ्यात ढग दाटून आले असतील तर उद्या करा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर राउटर त्यावर लावा. फ्लॅशमध्ये लिहिलं जात असताना वीज जाणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका, आणि लॅपटॉपची बॅटरी त्यात काही मदत करत नाही.

संगणकाचा आयपी पुन्हा आपोआप मिळण्यावर ठेवा, फायरवॉल चालू करा, राउटरचं पान उघडा आणि फर्मवेअर अपग्रेडच्या जागी 'फॅक्टरी' फाइल द्या. हे केबलवरूनच करायचं, वायफायवरून कधीच नाही. काही टीपी-लिंक मॉडेलांचं पान लांब नावाची फाइल नाकारतं. तसं झालं तर नाव छोटं करा, शेवटचं 'बिन' हे एक्स्टेन्शन तसंच ठेवून. विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर 'बिन' दोनदा लागतं, तेवढं बघा. पान दुसऱ्याच कारणाने फाइल नाकारत असेल, तर जबरदस्तीचा मार्ग शोधू नका. आवृत्ती आणि प्रदेश पुन्हा तपासा. ती तपासणी तुमच्याच भल्यासाठी आहे.

फाइल दिली की पाच मिनिटं हात लावू नका. पान अडकल्यासारखं दिसेल, कारण राउटरचा पत्ता बदललेला असतो. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की काम झालं.

पहिला प्रवेश

नवा पत्ता १९२.१६८.१.१. यूजरनेम 'रूट', पासवर्ड काही नाही. उघडतं ते लुसी नावाचं पान, यातूनच सगळं चालवायचं. वायफाय दिसत नसेल तर बिघाड समजू नका. बहुतेक राउटरवर ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, कारण पासवर्ड नसलेलं वायफाय हवेत सोडणं योग्य नाही. पहिलं काम म्हणजे सिस्टीममधल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जाऊन पासवर्ड देणं.

दुसरं काम बरेच जण करत नाहीत आणि इंटरनेटपेक्षा जास्त मोलाचं आहे. सिस्टीममधल्या 'बॅकअप / फ्लॅश फर्मवेअर' या पानावर खाली फ्लॅशचे वेगवेगळे भाग उतरवून घ्यायची सोय आहे. त्यात क्वालकॉमच्या राउटरवर 'एआरटी' नावाचा भाग असतो. त्यात तुमच्याच राउटरच्या रेडिओचं कारखान्यात झालेलं कॅलिब्रेशन असतं. ते प्रत्येक राउटरचं वेगळं, आणि गेलं तर कुठूनही उतरवता येत नाही. तो भाग उतरवून ईमेलमध्ये, पेनड्राइव्हवर, दोन ठिकाणी ठेवा.

आता पत्त्यांची टक्कर. खूपशा ओएनटीचा पत्ताही १९२.१६८.१.१च असतो. आपल्या राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच पत्त्यांची मालिका आली की डेटा कुठे पाठवायचा हे त्याला ठरवता येत नाही आणि नेट येत नाही. म्हणून ओएनटीची केबल वॅनला लावण्याआधीच नेटवर्कमधल्या इंटरफेसेसमध्ये जाऊन लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा. इथे लुसीची एक चांगली सोय आड येते: बदल लागू केल्यावर ९० सेकंदांत तुम्ही पुन्हा पोचला नाहीत, तर ती जुनी सेटिंग परत आणते. पत्ताच बदलल्यामुळे तुम्ही पोचत नाही, आणि बदल टिकत नाही. म्हणून केबल काढून लगेच पुन्हा लावा म्हणजे संगणक नवा पत्ता घेईल, आणि त्या ९० सेकंदांतच नव्या पत्त्यावर लॉगिन करा. नाहीतर तपासणीशिवाय लागू करायचा 'अप्लाय अनचेक्ड' हा पर्याय निवडा.

मग वॅन. ओएनटीच राउटरचं काम करत असेल तर डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप मिळण्याची सोय, तसंच ठेवा. पीपीपीओई असेल तर प्रोटोकॉल बदलून यूजरनेम-पासवर्ड भरा. नेट आलं नाही आणि कंपनी मॅक बांधणारी असेल, तर इंटरफेसेसच्याच पानावरच्या डिव्हायसेसमध्ये वॅनला वहीतला जुना मॅक द्या. ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम न करता नुसता डेटा पुढे देण्यावर, टाकून मिळाला तर पत्त्यांचं भाषांतर दोनदा होत नाही. केबलवाला करून देत असेल तर मागून घ्या, पण त्यासाठी अडून राहू नका.

वायफायमध्ये दोन रेडिओ दिसतील. दोन्हींच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात देश म्हणून भारत निवडा. हा कायद्याचा भाग आहे: कोणत्या चॅनेलवर किती ताकदीने प्रक्षेपण करायचं हे देशानुसार ठरतं. ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने भारतात ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, त्यामुळे आपल्याला पुरेसे चॅनेल आहेत. ताकद वाढेल म्हणून दुसरा देश निवडायचं कारण नाही. ५ गिगाहर्ट्झवर ३६ किंवा १४९ चॅनेल आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवा. ५२ ते १४४ यांपैकी चॅनेल घेतला तर रेडिओ आधी साधारण मिनिटभर रडारचा कानोसा घेतो आणि तोवर वायफाय दिसत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११, आणि रुंदी २०. इमारतीत शेजारपाजारचे डझनभर राउटर असताना ४० मागून वेग वाढत नाही. सुरक्षेसाठी ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र चालतं. २.४वर निव्वळ डब्ल्यूपीए२ ठेवा, जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग मिश्र प्रकारावर हटून बसतात.

ज्यासाठी हे सगळं करावं ती गोष्ट

घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला लागलं, फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले, की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल तुटायला लागतो. नेटचा वेग मोजला तर शंभर एमबीपीएस दिसतो. दोष वेगाचा नसतो, रांगेचा असतो. वाटेतल्या उपकरणांत डेटाची मोठी रांग साचते आणि कॉलचे छोटे पॅकेट तिच्यात मागे अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. यावर २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. पुढे त्याच धाग्यातून आलेली केक ही पद्धत २०१८मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आली. ओपनडब्ल्यूआरटीवर ती काही मिनिटांत चालू होते, आणि माझ्या मते फर्मवेअर बदलण्याचं घरच्यांना जाणवणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

सिस्टीममधल्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन आधी 'अपडेट लिस्ट्स' दाबा, मग 'लुसी-अ‍ॅप-एसक्यूएम' शोधून बसवा. नेटवर्क मेनूत एसक्यूएमचं, म्हणजे रांग सांभाळण्याच्या सोयीचं, पान येईल. इंटरफेस म्हणून वॅनचा निवडा. पीपीपीओई असेल तर पीपीपीओई-वॅन. रात्री नऊच्या गर्दीच्या वेळी वेग मोजा आणि मिळालेल्या आकड्याच्या नव्वद टक्के डाउनलोड-अपलोडमध्ये भरा. आकडा किलोबिटमध्ये असतो: १०० एमबीपीएस मिळत असेल तर ९००००. रांगेच्या प्रकारात केक, स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक', आणि लिंक लेयरमध्ये इथरनेट, ओव्हरहेड ४४. लागू करा, एका फोनवरून मोठं अपलोड लावा आणि दुसऱ्यावरून कॉल करून बघा. कॉल अजून अडखळत असेल तर आकडा आणखी पाच टक्क्यांनी उतरवा.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. सी६च्या दुसऱ्या आवृत्तीसारखी एककोरी जुनी चिप एसक्यूएमसकट साधारण दीडशे-दोनशे एमबीपीएसपाशी दमते. तुमचा प्लॅन ३०० किंवा जास्त असेल आणि पूर्ण वेगच हवा असेल, तर एसक्यूएम सोडून फायरवॉलच्या पानावर प्रोसेसरचा भार हलका करणारं 'सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग' चालू करा. हार्डवेअर ऑफलोडिंग आणि एसक्यूएम एकत्र नांदत नाहीत. एकच निवडावं लागतं.

जाहिराती अडवायला 'अ‍ॅडब्लॉक' पॅकेज आहे, पण रॅम कमी असेल तर छोटीच यादी निवडा. बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायला वायरगार्ड बसवता येतं. ते बसवण्याआधी वॅनचा आयपी पत्ता बघा: तो १०ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे, ठेवलं आहे आणि बाहेरून आयपीव्ही४वर घरी पोचता येणार नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर त्यावरून जमतं. कंपनीचं मोबाइल अ‍ॅप आणि व्हॉइस असिस्टंटची जोडणी मात्र गेली असं समजा.

अडकलात तर

सेटिंग चुकून स्वतःच बाहेर राहिलात, तर राउटर पूर्ण उठलेला असताना रीसेट दहा सेकंद दाबा. ओपनडब्ल्यूआरटी स्वतः फ्लॅशवर न बदलता येणाऱ्या भागात असतं आणि तुमचे बदल वेगळ्या थरात. रीसेटने तो थर पुसला जातो आणि राउटर पहिल्या दिवसासारखा होतो. तेही चालत नसेल तर फेलसेफ: राउटर चालू करा, दिवा लुकलुकायला लागला की रीसेट एकदा दाबा, दिव्याचा वेग वाढला की तुम्ही आत. संगणकाला १९२.१६८.१.२ पत्ता देऊन एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, १९२.१६८.१.१वर रूट म्हणून जाता येतं आणि पासवर्ड लागत नाही. आणि तिथेही पोचला नाहीत, तर आधी चालून बघितलेली टीएफटीपीची वाट आहेच. लॉगमधलं नाव फॅक्टरी फाइलला द्या, फोल्डरमध्ये ठेवा आणि तीच क्रिया पुन्हा करा. या वेळी फाइल मिळेल.

पुढची देखभाल

सगळं सुरळीत झालं की त्याच बॅकअपच्या पानावरून सेटिंगची फाइल उतरवा. नवीन आवृत्ती आली की 'सिसअपग्रेड' फाइल वापरायची. सेटिंग ठेवता येतात, पण वरून बसवलेली पॅकेजं जातात आणि पुन्हा बसवावी लागतात. 'अटेंडेड सिसअपग्रेड' वापरलंत तर तुमच्या पॅकेजांसकट फाइल तयार होऊन येते. मोठ्या मालिकेतून पुढच्या मालिकेत जाताना मॉडेलच्या पानावरची सूचना वाचा, कधीकधी सेटिंग ठेवू नका असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

मूळ फर्मवेअरवर परत जाताना टीपी-लिंकच्या मॉडेलांवर एक काळजी घ्यायची. कंपनीच्या फाइलच्या नावात 'बूट' हा शब्द असेल, तर त्या फाइलमध्ये बूटलोडरही आहे. ती तशीच फर्मवेअरच्या जागी लिहिली तर राउटर उठत नाही; सुरुवातीचा बूटलोडरचा तुकडा कापून उरलेली फाइल वापरावी लागते. कापायचं माप मॉडेलच्या पानावर दिलेलं असतं. आणि राउटर कुणाला द्यायचा किंवा विकायचा असेल, तर आधी दहा सेकंदांचा रीसेट करा, नाहीतर तुमचा पीपीपीओई पासवर्ड त्याच्याबरोबर जाईल. घेणाऱ्याला आत कोणतं फर्मवेअर आहे ते सांगा आणि एआरटीची फाइलही त्याच्या हवाली करा.